साडेपाच विती

सर्वात खाली: तपकिरी कागद

दारात आलेल्या बाईच्या हातात पिशवी होती, म्हणून मास्तरांनी सवयीने विचारलं, "उंची कमी करायचीय की कंबर?"

"मला अक्कांना भेटायचंय," बाई म्हणाली.

मास्तर ओशाळले. शिवणकाम बंद करून तीन वर्षं झाली होती. मशीन झाकून कोपऱ्यात गेलं, कापायच्या टेबलावर बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या, फायली आल्या, पण बाहेरची टेलरिंगची पाटी तशीच राहिली. काढायला सवड नव्हती असं दोघं सांगत. सवड होती. उत्साह नव्हता.

अक्का आत खुर्चीत स्टुलावर पाय ठेवून बसली होती. चौतीस वर्षं विमा कंपनीत लोकांचं खोटं पकडण्यात गेली, आणि निवृत्तीनंतरही लोक सुखाने बसू देत नव्हते. गुडघे गेले होते, डोकं शाबूत होतं. उलट झालं असतं तर निदान फिरायला जाता आलं असतं, असं ती म्हणायची.

"बसा. कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं."

"मग सावकाश सांगा."

बाईने पिशवीतून तपकिरी कागदाची पुडी काढून टेबलावर उलगडली. आत गाण्याची काळी तबकडी होती, दोन तुकडे झालेली. मास्तरांनी तुकडे जुळवून पाहिले. कडेचा एक त्रिकोणी तुकडा नव्हता, शिंपी सदऱ्याच्या बगलेत घालतात त्या कळीएवढा. मधोमध लेबलाच्या जागी नुसता खरवडलेला डाग, दोन्ही बाजूंना.

"लेबलं कुठायत?"

"चिकटवली," बाई म्हणाली. "आमच्या आत्याबाईंनी. म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्या. त्या कोलाज करतात ना, कागदाचे तुकडे फाडून चिकटवतात. पहिल्या दोन चित्रांत लेबलंच लावली. त्यांच्या हाताला लागेल ते चित्रात जातं. एकदा माझं रेशनकार्ड गेलं होतं."

अक्का हसली नाही, पण तिने पाय खाली घेतले.

गोष्ट अशी होती. आत्याबाईंचा भाऊ, म्हणजे या बाईचे सासरे, व्हायोलिन वाजवायचे. आयुष्यात एकच तबकडी निघाली आणि तिची ही शेवटची प्रत. भाऊ गेल्यावर बहिणीने तिच्यावर बारा कोलाज करायला घेतली. पद्धत ठरलेली. दार बंद. लांब कागद टेबलावर पसरलेला. सुई टेकली की हात सुरू, सुई उचलली की हात बंद, मग कपटा हातात असला तरी खाली ठेवायचा. डावीकडून उजवीकडे, दर मिनिटाला चार बोटं. एक चित्र पहिल्या बाजूचं, पुढचं दुसऱ्या बाजूचं, असं एकाआड एक.

"अकरा झाली. बारावं रविवारी, प्रदर्शनात, लोकांसमोर करायचं होतं. काल, गुरुवारी दुपारी, तबकडी अशी सापडली. कव्हरात घालून जाग्यावर ठेवलेली."

"आणि संशय कुणावर?"

"आत्याबाई म्हणतात फ्रेमवाल्यांनी मोडली." बाईचा आवाज बारीक झाला. "चाळीस वर्षं दर गुरुवारी येणारा माणूस, अक्का. त्यांच्या प्रत्येक चित्राला त्यांचीच फ्रेम. आता म्हणतात, रविवारच्या आत सगळ्या चित्रांच्या फ्रेमा काढा आणि त्या माणसाला दारात उभं करू नका. आणि ते काका, ते नाही म्हणतच नाहीत! होही म्हणत नाहीत. नुसते बसलेत."

"तुम्हाला काय हवंय?"

"त्यांनी केलं नाही एवढं सिद्ध करा. ते माणूस खचून जाईल हो. आणि त्याही. रागाच्या भरात कळत नाहीये त्यांना, पण त्यांचं दुसरं आहे कोण?"

अक्काने गुडघ्यावर हात दाबून उठायची तयारी केली. "किती मजले?"

"दोनच."

"दोनच," अक्का मास्तरांना म्हणाली, जणू त्यांनीच बांधले होते.

त्यावर: गुळगुळीत, दोन्ही बाजूंनी छापलेला

*बारा चित्रे, एक व्हायोलिन. रविवारी सकाळी अकरा वाजता चित्रकर्त्या बारावे कोलाज रसिकांसमोर साकारतील. तबकडीचे संगीत संपूर्ण दालनात व बाहेरील पदपथावरही ऐकू येईल अशी व्यवस्था केली आहे. वेळेवर यावे.*

त्याच्या बाजूला: पांढऱ्याचा खण

आत्याबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. उंच, हाडकुळ्या, बोटांवर वाळलेल्या खळीचे पापुद्रे.

"इकडे उजेडात या," त्या अक्काला म्हणाल्या. "माणसाचं तोंड दिसल्याशिवाय मला बोलवत नाही. बसा समोर. सुनेने आणलंय ना तुम्हाला? तिला सगळ्यांचा पुळका. मी सांगते काय झालं, म्हणजे तुम्हाला विचारायचे कष्ट नकोत. तीनला फ्रेमवाला आला, अकराव्याची फ्रेम घेऊन. मी मोरीत हात धुवायला गेले. आले तर तो निघून गेलेला. चारला तबकडी बघितली, मोडलेली. दुसरं कुणी वर आलं नव्हतं. संपलं."

"भांडण झालं होतं?"

"चाळीस वर्षांत नाही."

"मग का मोडेल?"

"ते त्याला विचारा."

बोलणं चालू असताना मास्तर मागच्या भिंतीकडे गेले. तिथे छतापर्यंत छोटे खण होते, औषधाच्या दुकानात असतात तसे. प्रत्येकावर रंगाचा ठिपका. त्यांना हे फार आवडलं. बटणं अशी लावावीत असं त्यांच्या कायम मनात होतं आणि कधी जमलं नव्हतं. त्यांनी एकेक उघडून पाहिला. पिवळ्याचेच सहा खण. पांढऱ्याचा जवळजवळ रिकामा, तळाशी दोन कपटे. काळ्याचे तीन: एकात कोळशासारखा मळकट काळा, एकात शाईचा, एकात चकचकीत. चकचकीतमध्ये मासिकांचे कपटे, फोटोचं पाकीट, रेघारेघांचा एक जाड त्रिकोणी तुकडा आणि कंगव्याचं अर्ध.

"हे सगळं तुम्ही स्वतःच लावता का हो?" मास्तरांनी कौतुकाने विचारलं.

आत्याबाईंनी वळूनही पाहिलं नाही. अक्काशीच बोलत राहिल्या.

मास्तरांनी खण लावून टाकला. शिंप्याला कोण उत्तर देतं.

"खणांना दुसरं कुणी हात लावतं?" अक्काने मात्र तोच प्रश्न समोरून विचारला.

"हात तोडीन," आत्याबाई म्हणाल्या. "कचऱ्याची टोपलीसुद्धा ठेवलेली नाही या खोलीत. माझ्याकडे कपटा फुकट जात नाही. बघा, भाऊ गेला तेव्हा त्याच्या औषधांच्या चिठ्ठ्यासुद्धा मी…" त्या थांबल्या. "दमवता तुम्ही लोक."

टेबलाशेजारी रेकॉर्ड प्लेयर होता. सुई आपोआप परत जाणारा, चालू असला की लाल दिवा लागणारा.

"लेबलं नसताना बाजू कशी ओळखता?"

"पहिल्या बाजूला सुरुवातीला त्याचा खोकला आहे. वाजवायच्या आधी खोकायचा, सवय. कंपनीवाल्यांनी तसाच ठेवला. दुसरी बाजू थेट सुरू होते." त्यांनी बोट झटकलं. "आणि कव्हरात पहिली बाजू पुढे ठेवते मी. नेहमी."

खाली येताना मास्तर म्हणाले, "माणूसघाणी आहे."

"तुझ्याशी का नाही बोलली?"

"मी काय सांगू? पाठ होती तिची माझ्याकडे."

"हो ना," अक्का म्हणाली, आणि पायरीवर थोडी बसली.

अर्धा फाटलेला: स्वयंपाकघराच्या छताखाली

खालच्या मजल्यावर भाचा, म्हणजे व्हायोलिनवाल्याचा मुलगा, जेवणाच्या टेबलाशी बसला होता. पन्नाशीचा, शाळेत भूगोल शिकवणारा. रडून झाल्यावर माणूस कोरडा पडतो तसा.

"काल वर कोण गेलं?"

"मी शाळेत होतो. हिला विचारा."

"तीनला काका वर गेले," सून म्हणाली. "खूप वेळ दार वाजवत होते, मी ऐकलं. मग त्यांनी नावाने हाकही मारली. दहा मिनिटांत खाली आले. मला चहाला नाही म्हणाले, छत्री विसरून गेले. त्यानंतर मी वॉशिंग मशीन लावलं. ते लावल्यावर आभाळ कोसळलं तरी कळत नाही."

"सासूबाईंशी… आत्याबाईंशी तुमचं बोलणं होतं रोज?"

"होतं म्हणजे, बोलायचं काम त्यांचं, ऐकायचं आमचं. पहिल्यापासून. जेवणही वरच घेतात हल्ली."

अक्का भाच्याकडे वळली. "तुम्हाला ती तबकडी हवी होती."

"एकदा नीट कॉपी करून घेऊ द्या म्हणत होतो. दोन तासांचं काम. तिने दिली नाही. म्हणाली, तू माझा भाऊ फोनमध्ये घालून फिरणार. बाप माझा होता की नाही?" त्याने मान खाली घातली. "गेल्या महिन्यात ती दातांच्या डॉक्टरकडे गेली होती, तेव्हा मी गुपचूप वर जाऊन तबकडी बाहेर काढली. वाजवली नाही. नुसती हातात धरून बसलो थोडा वेळ, आणि परत ठेवली. एवढाच गुन्हा."

"परत कशी ठेवली? कुठली बाजू पुढे?"

"बाजू? तिला कुठे लेबल आहे?"

भाच्याने फोन काढला.

"आणि हे. बारा तारखेला, माझ्या वाढदिवसाला. वर तिचं काम चालू होतं. मी इथे स्टुलावर चढून फोन छताला लावला. भांड्यांचे आवाज आलेत मधे. पण तेवढंच उरलं आता बाबांचं."

त्याने फोन टेबलावर ठेवला. आधी नळ ठिबकला. मग, फार लांबून, छतापलीकडून, एक माणूस खोकला. मग व्हायोलिन.

सगळे ऐकत बसले. मास्तरांना संगीतातलं काही कळत नव्हतं, पण तो खोकला त्यांना ओळखीचा वाटला. त्यांचे वडील कात्री हातात घेण्याआधी तसंच करायचे. त्यांनी अक्काकडे पाहिलं. ती डोळे मिटून होती, झोपली असावी असं वाटण्याइतकी.

"तारीख नक्की?" ती डोळे न उघडता म्हणाली.

"वाढदिवस कसा चुकेल?"

पुसट झालेला: मास्तरांची वही

दालनात दहा चित्रं फ्रेमा काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. दालनवाला गोरामोरा होऊन धावपळ करत होता, पण मास्तरांना वाटलं, आतून बरा खूश आहे.

"दुःखद," तो म्हणाला. "अतिशय दुःखद. सकाळपासून तीन पत्रकारांचे फोन आले. मोडलेली तबकडीच काचेत ठेवावी म्हणतोय."

"तुम्ही मोडली नाही ना?"

"मॅडम! मी आठवडाभर इथून हललेलो नाही. स्पीकर भाड्याने आणलेत मी. बाई आधी करत नव्हत्या लोकांसमोर, दोन वर्षं मागे लागलो होतो तेव्हा कुठे हो म्हणाल्या. मग परवा परवा म्हणायला लागल्या, स्पीकर नकोत, आवाज नको. आता आवाजाशिवाय कसं होईल? पत्रिका वाटून झाल्या."

त्याने हात धरूनच त्यांना एका चित्रासमोर नेलं. "हे दहावं. माझं सर्वात लाडकं. बघा, इतका कल्लोळ, निळे, तांबडे, वरचे सूर, खालचे सूर, आणि मग अचानक शेवटी हा पांढराच पांढरा पट्टा. पांढऱ्यावर पांढरं. संगीत संपतं आणि उरतं मौन! मी पत्रिकेच्या मागे लिहिलंय यावर."

"हं," अक्का म्हणाली. "तारखा आहेत का चित्रांच्या?"

त्याने यादी दिली. अक्काने खुर्ची मागितली. ती यादी वाचत असताना मास्तरांचे हात शिवशिवायला लागले. फ्रेम नसलेलं काहीही समोर असलं की माप घ्यावंसं वाटे. टेप घरी राहिली होती, म्हणून वीत लावली.

*पहिलं, सात विती. दुसरं, साडेपाच. तिसरं, सात. चौथं, साडेपाच. पाचवं, सात. सहावं, साडेपाच. सातवं, सात. आठवं, साडेपाच. नववं, सात. दहावं, सात.*

"दहावं शिवताना चुकलंय," ते अक्काला म्हणाले. "बाकी जोड्या बरोबर आहेत."

अक्काने वही त्यांच्या हातातून घेतली आणि बराच वेळ पाहिली. मग यादीतल्या दहाव्या ओळीवर बोट ठेवलं. तारीख बारा होती.

"अरे," ती म्हणाली, "तुला मी उगाच नाही सोबत घेत."

मास्तरांना काय बरोबर केलं ते कळलं नाही, पण त्यांनी ते मान्य केलं.

खाली दाबला गेलेला: लाकडाचा भुसा

फ्रेमवाल्यांच्या दुकानात भुशाचा आणि सरसाचा वास होता. ते एका खोक्यावर बसले होते, बारकेसे, कानामागे पेन्सिल. भिंतीवर एकच रिकामी फ्रेम टांगलेली, आखूड, सागाची, काच बसवलेली.

"मोडली का तुम्ही?" अक्काने बसता बसता विचारलं.

"त्या म्हणतात ना मोडली."

"तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणणार. त्या म्हणतात ते त्यांनी विचार करूनच म्हटलं असणार."

"काल वर काय झालं?"

फ्रेमवाल्यांनी पेन्सिल काढली, पाहिली, परत लावली. "दार वाजवलं. आत गेलो. त्या टेबलाशी होत्या, पाठमोऱ्या. हाक मारली. मग त्यांनी वळून पाहिलं. मी फ्रेम ठेवली. निघालो."

"हाक किती वेळा मारली?"

फ्रेमवाले मांडीवरचा भुसा झटकत राहिले. मास्तरांना अवघड झालं, म्हणून त्यांनी भिंतीवरच्या फ्रेमेला वीत लावली. "साडेपाच," ते म्हणाले. "कुणाची ही?"

"पडून आहे," फ्रेमवाले म्हणाले. "दहाव्यासाठी आधीच करून ठेवली होती. जुळली नाही. दुसरी केली."

"विचारलं नाहीत, माप का बदललं म्हणून?"

"काही गोष्टी विचारायच्या नसतात, बाई."

अक्का उठली. दारात थांबून म्हणाली, "उद्या दुपारी तीनला तिकडे या. हातोडी वगैरे घेऊन. फ्रेमा परत लावायच्या असतील."

"त्या दारात उभं करणार नाहीत."

"छत्री घ्यायला या."

सर्वात वर

शनिवारी तीनला अक्का दोन मजले चढली आणि आधी फक्त मास्तरांना घेऊन आत गेली. आत्याबाई खिडकीपाशीच होत्या. अक्काने काही न बोलता एक चिठ्ठी दिली. मास्तरांनी तिरप्या नजरेने वाचली.

*दहाव्याचा शेवट पांढरा का, ते मला कळलंय. तुम्हाला एकटीला सांगू की सगळ्यांना बोलावू?*

आत्याबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग भिंतीकडे गेल्या, पांढऱ्याचा खण उघडला, चिठ्ठी आत ठेवली आणि खण लावला.

"बोलवा सगळ्यांना," त्या म्हणाल्या. "नाहीतरी जिन्यात कान लावून बसलेत. थकले मी."

भाचा आला, सून आली. फ्रेमवाले उंबऱ्याच्या बाहेरच थांबले. अक्काने खुर्ची आत्याबाईंच्या समोर ओढली, उजेड आपल्या चेहऱ्यावर येईल अशी, आणि सावकाश, एकेक शब्द उच्चारत बोलायला लागली. मास्तरांना वाटलं, लहान मुलाशी बोलतेय. मग त्यांना हळूहळू उमजलं.

"पहिली बाजू सात विती. दुसरी साडेपाच. सुई उठेपर्यंत हात थांबायचा नाही, हा तुमचा नियम, म्हणून चित्राची लांबी म्हणजे तबकडीची लांबी. दहावं दुसऱ्या बाजूचं. ते साडेपाच भरायला हवं. भरलं सात. म्हणजे त्या दिवशी प्लेयरवर पहिली बाजू फिरत होती."

"फोनमध्ये खोकला आहे!" भाचा एकदम म्हणाला. "बारा तारीख."

"हो. बारा तारखेला खालच्या स्वयंपाकघरात ऐकू आला तो खोकला, आणि या खोलीत ऐकू आला नाही." अक्का थांबली. "तुम्ही कव्हराच्या भरवशावर तबकडी लावली. ती भाच्याने उलटी ठेवलेली होती. त्याला बिचाऱ्याला माहीत नव्हतं. तुम्ही दुसरी बाजू मनात ऐकत चिकटवत गेलात. साडेपाच विती झाल्या, तुमचं संगीत संपलं, आणि बघता तर लाल दिवा चालूच. सुई फिरतेच आहे. तेव्हा तुम्हाला कळलं. पण नियम म्हणजे नियम. हाताला काहीतरी हवं होतं, म्हणून दीड वीत पांढरं चिकटवलंत. खण रिकामा होईपर्यंत."

आत्याबाई अक्काच्या ओठांकडे बघत होत्या. डोळ्यांची पापणी हलत नव्हती.

"किती दिवस झाले?" अक्काने विचारलं.

"डावा कान पाच वर्षं," आत्याबाई म्हणाल्या. "उजवा गेल्या थंडीत गेला. अगदी गेला."

सुनेने तोंडावर हात ठेवला. "आणि आम्हाला…"

"तुम्हाला काय सांगू? व्हायोलिनची चित्रं काढणारी म्हातारी बहिरी आहे म्हणून?"

"माझ्या भावाला उत्तर दिलं नाहीत तुम्ही, तेव्हाच मला वाटलं होतं," अक्का म्हणाली. "तो मागे उभा होता. तो मात्र समजला की शिंपी म्हणून अपमान केलात." मास्तर लाल झाले. "आणि रविवारी स्पीकर. अख्ख्या रस्त्याला ऐकू येणार आणि तुम्हालाच नाही. कुठे सुरू झालं, कुठे चुकलं, लोकांना पहिल्या मिनिटाला कळलं असतं. तबकडीच नसती तर सुटका होती."

"पण मोडली कुणी?" भाच्याने विचारलं. उत्तर त्याच्या चेहऱ्यावर उमटायला लागलं होतं.

"या खोलीत कपटा फुकट जात नाही म्हणे. मास्तर, तू सांगितलास तो चकचकीत काळ्याचा खण उघड."

मास्तरांनी खण उघडला. फोटोचं पाकीट, अर्धा कंगवा. आणि तो जाड त्रिकोणी तुकडा. आता त्यांना त्यावरच्या रेघा दिसल्या, एकीला एक लागून. त्यांनी तो अक्काच्या हातात दिला. त्यांना स्वतःचाच राग आला. कळीएवढा तुकडा कमी आहे हे त्यांनीच आधी पाहिलं होतं आणि खणात तो बघूनही ओळखला नव्हता.

"दुसऱ्या कुणी मोडली असती तर हा खाली पडलेला तुकडा खिशात घातला असता, खिडकीतून फेकला असता. फार तर कव्हरात टाकला असता. काळ्याच्या तीन खणांतला नेमका खण शोधून त्यात घालणारे हात या घरात दोनच आहेत. विचार न करता ठेवला असेल तुम्ही. सवयीने."

खालून नळ ठिबकल्याचा आवाज येत होता, आणि मास्तरांना जाणवलं की तो खोलीतल्या एकीला सोडून सगळ्यांना येतोय.

"टेबलाच्या कडेवर," आत्याबाई म्हणाल्या. "एका झटक्यात. वाटलं नव्हतं इतकी सहज मोडेल." त्या भाच्याकडे वळल्या. "चूक झाली माझी."

"दुसरी बाजू गेली, आत्या. माझ्याकडे फक्त पहिली आहे, तीही भांड्यांसकट."

"दुसरी माझ्यापाशी आहे. सुरासकट."

"तुझ्या डोक्यात! मी ती कशी ऐकू?"

भाचा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला, आणि सून त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"यांचं नाव का घेतलंत?" अक्काने उंबऱ्याकडे बोट केलं.

"गुरुवारी वळून पाहिलं तर हा मागे उभा. चेहऱ्यावरून कळलं, केव्हाचा हाका मारतोय. फ्रेमवरून शंका आलीच होती त्याला, आता खात्री झाली. मला वाटलं, हा आज ना उद्या कुणाला तरी सांगणार. माझी दया येऊन सांगणार. त्यापेक्षा तो चोर ठरलेला बरा, त्याचं कोण ऐकतंय." त्यांचा आवाज पहिल्यांदा फाटला. "चाळीस वर्षांत त्याने एकदाही माप चुकवलं नाही, आणि मी…"

त्या उठून दारापर्यंत गेल्या. फ्रेमवाले एक पाऊल मागे सरले.

"का बोलला नाहीत? मी नाही मोडली म्हणून?"

फ्रेमवाल्यांनी मान वर केली, तोंड नीट त्यांच्या समोर आणलं. "तुम्ही ऐकलं नसतं."

आत्याबाई क्षणभर बघत राहिल्या. मग इतक्या मोठ्याने हसल्या की सून दचकली. हसून झाल्यावर त्यांनी डोळे कोपराने पुसले, कारण बोटांना खळ होती.

"ती आखूड फ्रेम आहे अजून? दहाव्याची?"

"आहे."

"माप?"

"साडेपाच विती."

"मग बारावं तेवढंच येईल. दुसरी बाजू आहे. आत्ता करते. उद्या तिथे तयार चित्र टांगा, आणि त्या स्पीकरवाल्याला सांगा, बाई बहिरी आहे असं पत्रिकेच्या मागे लिही." त्यांनी अक्काच्या हातातला काळा तुकडा घेऊन टेबलावर उजव्या टोकाला ठेवला. "हा शेवटी. पण लाल दिवा नाही आता. घाई होईल माझी. हाताला मिनिट कळायला हवं."

फ्रेमवाले आत आले, उंबरा ओलांडून. पिशवीतून हातोडी काढली, मनगटावरचं घड्याळ सोडून जमिनीवर ठेवलं आणि टेबलाच्या पायाशी खाली बसले. हातोडीच्या दांड्याने टेबलाच्या पायावर एक ठोका दिला. आत्याबाईंनी डावा पंजा टेबलावर सपाट टेकवला होता.

"कळलं," त्या म्हणाल्या. "दर मिनिटाला एक. सतरा ठोके."

भाचा खिडकीतून वळला. गेला नाही. अक्का खुर्चीत मागे टेकून बसली होती. उतरायचे दोन मजले बाकी होते आणि तिला घाई नव्हती. मास्तर खणांपाशी उभे राहिले, हात मागे बांधून.

फ्रेमवाल्यांनी घड्याळाकडे पाहिलं, हातोडी उचलली. त्यांनी मूठ तोंडापाशी नेली आणि खाकरले.

आत्याबाईंनी खळीचा ब्रश हवेतच थांबवला.

"खोकू नका," त्या म्हणाल्या. "ती पहिली बाजू."